बँड गप्प झाला तेव्हा

गोठ्यातल्या तणसाच्या ढिगाखालून आत्याची लाल स्पोर्ट्स कार बाहेर काढली, बोनेट उघडलं आणि शिळ्या पेट्रोलचा वास आला. त्या वासासरशी मी पुन्हा लहान होऊन बालाघाटच्या चौकात उभा राहिलो.

तिरोडीहून निघालेली शर्यत तिथं संपणार होती. आमच्या गावच्या ठेकेदाराचा मुलगाच जिंकणार, म्हणून हार, बँड आणि पाहुण्यांचं भाषण तयार होतं. मात्र धुळीतून आधी आली ती आत्याची गाडी. बँड गप्प झाला.

"काहून थांबले बापा? वाजवा ना!" आत्या ओरडली.

कोणीच वाजवलं नाही. त्याच संध्याकाळी आजोबांनी गाडी गोठ्यात घातली आणि चावी स्वतःकडे ठेवली. चौकातली ती शांतता मला तेव्हा आत्याची फजिती वाटली होती. आता वाटतं, फजिती बँडची झाली होती.

मेकॅनिकनं ताजं पेट्रोल भरलं, नवी बॅटरी जोडली आणि आजोबांच्या पेटीत सापडलेली चावी मी फिरवली. इंजिन खोकलं, त्यानं काळा धूर ओकला आणि ते धडधडू लागलं.

"आत्या, बस बाजूले. तुले फिरवून आणतो."

"मले फिरवतं?" हातातली काठी माझ्याकडे देत ती म्हणाली, "सरक तिकडं. आधी त्या ठेकेदाराच्या दारापुढून घेऊ. हॉर्न वाजते ना?"