महादूची गाठ

महादूची गाठ मीच गुपचूप आवळली होती. आमच्या शिडाच्या होडीवर दोर असा बांधतात, की एका हिसक्यात सुटावा. महादूचा नेहमी सुटायचा, आणि होडीचे तांडेल मला म्हणायचे, "केस पिकले तुझे, आता तरी शीक त्याच्याकडून!"

त्या दिवशी वारा फिरला, दोर सुटेना, होडी कलली. "महाद्या, झोपलास काय रे?" तांडेल गरजले. तेव्हापासून दोर माझ्याकडे आणि होडीतलं पाणी उपसायचा डबा त्याच्याकडे.

आज तो डबाही इतक्या लयीत चालवत होता, की मला पुन्हा त्याचा हेवा वाटला. दोर काढून घेता येतो. हात कसे काढून घेणार?

दोर त्याच्यापुढे धरून मी म्हणालो, "तांडेल, ती गाठ मी आवळली होती. महादू, माफ कर रे."