बिनदाराचं घर

माझी काकी कालीबाई हिला आमच्या गावानं कितीतरी वर्षं वेडी म्हटलं. म्हणणारे सगळे तिच्याच अंगणात मिरच्या वाळवायला आणि लेकीसुनांची गाऱ्हाणी सांगायला यायचे, हे आधी लिहून ठेवते. मी फुली, तिच्या धाकट्या दिराची मुलगी. आठ वर्षांची असताना मला एका खोलीत कोंडलं होतं आणि काकी त्या खोलीत आली. तिथं येणं तिला किती जड गेलं असेल, हे समजायला तिची आधीची हकीकत माहीत हवी.

आमचं गाव शहाद्याकडचं, ब्राह्मणपुरीपासून चालत तासाभरावर. कपाशी, ज्वारी आणि घरोघरी मिरची. एकोणीसशे पंधराच्या सुमारास काकी इथं सून म्हणून आली, तेव्हा तेरा वर्षांची होती. आईबाप प्लेगात गेलेले, मामाच्या घरी वाढलेली. वाढली ती फक्त उंचीनं. दूध सांडलं, डोळा लागला, आईच्या आठवणीनं रडली, की मामी तिला गोवऱ्यांच्या खोलीत घालायची. खापरात निखारे, निखाऱ्यांवर मूठभर सुक्या मिरच्या आणि बाहेरून कडी. मामा ओट्यावर बसून तंबाखू मळत असायचा. असं एकदा-दोनदा नाही, सात वर्षं चाललं. हे मला काकीनंच सांगितलं, मिरच्यांची देठं खुडता खुडता, अगदी सरळ आवाजात. ऐकताना मलाच राग येत होता आणि अजूनही येतो.

सासरी आल्यावर तिला कोणी बोट लावलं नाही, तरी ती ठीक नव्हती. घराचं दार लावलं की तिचा श्वास अडायचा. कोणी मागून हाक मारली की हातातलं भांडं पडायचं. अंथरुणाखाली भाकरीचे तुकडे लपवलेले सापडायचे. आणि चुलीवर मिरचीची फोडणी पडली की ती उठून थेट कपाशीत पळायची, संध्याकाळपर्यंत घरी यायची नाही. बायकांनी निदान ठरवून टाकलं, की पोरीला बाहेरचं लागलंय.

बाहेरचं लागलं की आमच्याकडे उपाय एकच होता. डोंगराकडून गोवाल भगताला बोलवायचं, बाधा झालेल्याला खोलीत बसवायचं आणि मिरचीची धुनी द्यायची. गोवाल सज्जन माणूस. त्याला बापानं शिकवलं तेच तो करत होता. तो सकाळी आला. सासू रुखमाबाईनं खापर आणलं, निखारे भरले, मिरच्या मोजून ठेवल्या. ज्या धुरानं पोरीची ही दशा केली, त्याच धुरानं तिला बरं करायला सगळे जमले होते, आणि त्यातल्या एकालाही हे माहीत नव्हतं.

काकीनं खापर पाहिलं. मग ती सगळ्यांसमोर म्हणाली, "हाई माले माहीत शे. मामाना घरमा माले हाईच देत. भूत नई शे मन्हा अंगमा. धूर शे."

रुखमाबाईनं तिला जवळ बसवून एकेक विचारलं आणि तिनं एकेक सांगितलं. ऐकून झाल्यावर रुखमाबाई उठली आणि पायानं ते खापर उलटं केलं. निखारे अंगणभर पसरले. "गोवालभाऊ, भाकर खाईसन जा," ती म्हणाली, "धुनी नको." माझे वडील दोधू तेव्हा आठ वर्षांचे होते. ते ओट्याचा खांब धरून हे सगळं बघत होते.

रुखमाबाई शिकलेली नव्हती आणि गोड बोलणारी तर मुळीच नव्हती. पण तिनं सुनेला एक झाकणाची टोपली दिली. रोज सकाळी तिच्यात एक भाकरी ठेवायची आणि सांगायची, ही तुझी, हिला कोणी हात लावणार नाही. फोडणीची चूल तिनं घरातून उचलून अंगणाच्या टोकाला मांडली. घरातल्या सगळ्यांना ताकीद दिली, की कालीला हाक मारायची ती समोर येऊन. आणि काका धुडकू यांनी एक दिवस घराचं दार बिजागऱ्यांसकट काढलं आणि कडुलिंबाखाली चार दगडांवर आडवं टाकलं. काकी त्याच्यावर झोपायला लागली. पावसाळ्यात ती आत यायची, तेव्हा चौकटीला गोणपाट लावायचे.

गावानं काकांची भरपूर थट्टा केली. चोर आले तर काय करशील, असं विचारायचे. काका म्हणायचे, "चोर उना ते त्याले बी भाकर देसूत." चोर कधी आला नाही. कुत्री मात्र यायची आणि काकी त्यांच्या नावानं खडे फोडायची.

दोन वर्षांनी टोपलीतली भाकरी सकाळची संध्याकाळी तशीच राहू लागली. तिसऱ्या वर्षी काकीनं ती गाईला घातली आणि टोपली लसणाला घेतली. मिरचीशी तिचं वैर जायला त्याहून वेळ लागला. आधी ती हिरवी तोडायला गेली, मग उघड्यावर वाळवायला, मग नाकाला पदर बांधून कांडायला. होता होता गावातली सगळ्यात चांगली मिरची तिच्या अंगणात वाळू लागली. एवढं होऊनही बंद दाराआड बसणं तिला कधीच जमलं नाही. लग्नकार्यात बायका आत बसायच्या, ही बाहेर पंगत वाढायची. बरं होणं म्हणजे सगळं पुसलं जाणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिच्याकडे बघायला हवं होतं. ती घाबरायची आणि तरी मोठ्यानं हसायची, भांडायची, जोमानं राबायची.

आता माझं. एकोणीसशे अडतीसमध्ये माझी आई बाळंतपणात गेली, बाळही वाचलं नाही. तोवर रुखमाबाईही गेली होती, आणि मी व बाबा आमच्या वेगळ्या घरात राहत होतो. बाबांना दुःख झालं होतं, यात शंका नाही. पण त्यांचं दुःख दाव्यातून माझ्या पाठीवर उतरायचं. गुरं बांधायचं ते दावं नेहमी त्यांच्या खांद्यावर असायचं. भाकरी करपली, फटका. पाणी सांडलं, फटका. चार महिन्यांत माझं बोलणं बंद झालं आणि अंथरूण ओलं होऊ लागलं. बाबांनी त्याचा अर्थ लावला, की मेलेली आई पोरीला धरून बसली आहे.

ते गोवालकडे गेले. गोवाल आता म्हातारा झाला होता. त्यानं यायला नकार दिला. त्या अंगणात निखारे पसरले त्या दिवसापासून त्यानं लेकरांना धुनी देणं सोडलं होतं. बाबा चिडून म्हणाले, मग मीच देतो. ते शेतावरची गुरं बांधून संध्याकाळी घरी पोचेपर्यंत गोवाल काठी टेकत काकीच्या अंगणात येऊन सगळं सांगून गेला होता.

मी आमच्या मागच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसले होते. बाबा उंबऱ्याबाहेर उकिडवे बसून खापर फुंकत होते. सुक्या मिरच्या बाजूला सुपात. काकी आली, तेव्हा तिची साडी पिठानं भरलेली होती. मला वाटलं ती खापर लाथाडेल. तिनं तसं केलं नाही. ती बाबांना ओलांडून आत आली आणि माझ्याशेजारी बसली.

"दोधू, कडी लाय," ती म्हणाली. "मी बी आत बठस. मंग पेटाड."

"वहिनी, तू भाईर ये."

"तुन्हा मायनी काय करं व्हतं, तू देखेल शे. तरी करस ते कर."

बाबा उठले. रागानं असेल, लाजेनं असेल, त्यांनी दार ओढलं आणि खरोखर कडी लावली. अंधार झाला. काकीनं माझा हात धरला. तिच्या कपाळावरचा घाम माझ्या मनगटावर पडला. पण तिनं हात सोडला नाही आणि दारावर थापही मारली नाही. बऱ्याच वेळानं बाहेर पाणी ओतल्याचा आवाज आला, निखारे चुरचुरले आणि कडी निघाली. दार थोडंसं उघडलं. बाबा आत आले नाहीत.

काकी लगेच उठून पळू शकली असती. ती मला म्हणाली, "जावानं, का आखो बठानं? तू सांग."

बोलणं बंद झाल्यापासूनचा पहिला शब्द मी बोलले. "बठ," मी म्हणाले.

मी सांगितलं म्हणून ती त्या खोलीत आणखी बसली. मला पुरे वाटेपर्यंत बसली. मग मला कडेवर घेऊन घरी आली आणि कडुलिंबाखालच्या दारावर झोपवलं. मी तिथंच राहिले. टोपलीतला लसूण काढून काकीनं त्यात माझी भाकरी ठेवली. पुढे काकांनी मला शाळेत घातलं आणि मी मास्तरीण झाले, पण ते नंतरचं.

आठ दिवसांनी बाबा मला न्यायला आले. शेतातून तसेच आलेले, खांद्यावर दावं. वाजवायला दार नव्हतं, म्हणून चौकटीपाशी नुसते उभे राहिले. मी काकीच्या मागे सरकले. काकी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली.

"फुली आठेच ऱ्हाई," ती म्हणाली. "तू ये, भाकर खाय. पन दावं भाईर ठेव."

बाबांनी खांद्यावर हात नेला, जणू तिथं काही आहे हे त्यांना तेव्हाच कळलं. त्यांनी दावं काढून ओट्यावर ठेवलं आणि ते आत आले. जेवताना ते माझ्याकडे बघून रडले, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यानंतर ते दर आठवड्याला येत राहिले. म्हातारपणी घरी गुरं उरली नव्हती, खांदा मोकळाच असायचा, तरी आत पाऊल टाकण्याआधी ते ओट्याशी थांबायचे आणि दोन्ही हात आम्हाला दाखवायचे.