मुजावर सरांचं एक खोटं

मुजावर सर गाडीत बसले की लगेच किल्ली फिरवत नसत. काच वर घेत, दोन्ही हात मांडीवर ठेवत आणि मान किंचित तिरकी करून ऐकत बसत. आमच्या प्रत्येकाच्या सीट बेल्टचा टक्क असा आवाज झाला की मगच गाडी सुरू होई. एखादा आवाज कमी पडला तरी ते मागे वळून बघत नसत, काही म्हणत नसत. नुसते बसून राहत. फरीदाबादमध्ये जूनच्या सकाळीसुद्धा बंद गाडीत दोन मिनिटं काढणं कठीण, पण सरांना काही फरक पडत नसे. शेवटी राहिलेला माणूस वैतागून पट्टा ओढी आणि आमची मंत्रालयाकडे जायची वाट मोकळी होई.

राहिलेला माणूस म्हणजे बहुधा त्यागीजी. आम्ही तिघं एकाच खात्यात होतो आणि एकाच सेक्टरमध्ये राहत होतो. गाडी सरांची, पेट्रोलमध्ये तिघांचा वाटा. मी पुण्याहून बदली होऊन नवी आले तेव्हा सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ताई, मराठी का? मग पुढं बसा. कुणीतरी बोलायला मिळालं." सर मिरजेचे. दिल्लीत पंचवीस वर्षं काढूनही त्यांच्या बोलण्यातलं 'चालतंय की' गेलं नव्हतं.

मागच्या सीटवर बसून पट्टा लावायचा हे त्यागीजींना मरेपर्यंत पटणार नव्हतं. ते म्हणत, "सर, पीछे कौन देखता है? और मेरी जान है, मेरी मर्ज़ी." सर आरशात बघून सांगत, "त्यागीजी, आपकी मर्ज़ी उड़कर मेरी पीठ पर आएगी. मेरी पीठ की भी तो कुछ मर्ज़ी होगी." एकदा त्यागीजींनी करोल बागेतून एक छोटी चकचकीत क्लिप आणली. बेल्टच्या खाचेत ती अडकवली की पट्टा न लावताही गाडी पीं-पीं करत नाही. मोठ्या कौतुकाने त्यांनी ती सरांना दाखवली. सरांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि परत दिली. मला मराठीत म्हणाले, "गाडी बिचारी ह्यांच्यासाठीच ओरडतीय. तिचंच तोंड बांधून आले."

कायद्याबद्दल ते फारसं बोलत नसत. दंड वाढला, कॅमेरे लागले, मागच्या सीटलाही सक्ती झाली, या गप्पा त्यागीजी करत. सर एकदाच म्हणाले होते, "पोलीस चौकात असतो ताई. काच रोज तोंडासमोर असते." पण कायदा पाळणारी माणसं बऱ्याचदा कोरडी असतात तसे ते नव्हते. कुणाच्या घरी आजारपण असलं की न सांगता येऊन बसत. घरी त्यांची बायको रेहानाभाभी आणि एकुलती एक मुलगी सना. सना दिल्लीत वाढलेली. तिचं मराठी अर्धं हिंदीच. 'उंबरठा' शब्द तिला माहीत नाही म्हणून सर एकदा दिवसभर हळहळत होते. तिचं लग्न अलीगढला झालं. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी येणार होती, आणि सर त्या महिन्यात आरशातून त्यागीजींकडे बघूनसुद्धा हसत होते.

सनाला आणायला सर आणि भाभी एका रविवारी अलीगढला गेले. परत येताना पलवलच्या अलीकडे, दिवेलागणीच्या वेळी, एक ट्रॅक्टर उलट्या बाजूने अचानक रस्त्यावर आला. सरांनी ब्रेक दाबला, तरी धडक बसलीच. गाडीचं तोंड चेपलं. सरांच्या खांद्यावर आणि भाभींच्या छातीवर पट्ट्याचे काळेनिळे वळ उठले, बाकी काही नाही. सना मागे एकटी होती. ती पुढच्या सीटवर येऊन आदळली. ती वाचली. सातव्या महिन्यातलं बाळ गेलं.

मी दवाखान्यात गेले तेव्हा बाहेरच्या बाकावर नातेवाईक आणि शेजारी बसले होते. सगळ्यांनी आपापल्या परीने सांत्वन केलं. कुणी म्हणालं, अल्लाची मर्जी. कुणी म्हणालं, पट्टा नव्हता तेच बरं झालं, पोटावर आवळला असता तर मुलगीही हाती लागली नसती. सर भिंतीला टेकून उभे होते. प्रत्येकाच्या बोलण्यावर ते मान हलवत होते. ती मान हलवणं मला बघवलं नाही, पण का ते तेव्हा कळलं नाही.

महिन्याभराने दुरुस्त झालेली गाडी घेऊन सर पुन्हा आमच्या दाराशी आले. मी बसले, त्यागीजी बसले. सरांनी कुणाची वाट न पाहता किल्ली फिरवली. मागे त्यागीजींनी स्वतःहून पट्टा ओढला.

पुढे एकदा त्यागीजी रजेवर होते. आश्रम चौकाच्या अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. समोरच्या ट्रककडे बघत सर एकदम बोलायला लागले.

"ताई, मी मुद्दाम डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं होतं. पोटुशी बाईनं पट्टा लावायचाच असतो. खालचा पट्टा पोटाच्या खालून, कमरेच्या हाडावर. वरचा छातीच्या मधून, पोटाच्या बाजूनं. मला सगळं माहीत होतं."

"मग?"

"अलीगढहून निघताना विहीणबाई दारात उभ्या होत्या. डबे बांधून दिले, सनाची अलाबला घेतली. ती पट्टा ओढायला लागली तर म्हणाल्या, 'पेट पर मत बाँधो बेटा, बच्चे पर ज़ोर पड़ेगा.' फार मायेनं म्हणाल्या हो. सना माझ्याकडे बघायला लागली." सरांनी गाडी दोन हात पुढे घेतली. "मी तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, पोरीच्या सासूला तिच्याच दारात खोटं कसं पाडायचं? दोन-अडीच तासांचा तर रस्ता."

मी म्हटलं, "सर, पट्टा असता तरी बाळ वाचलंच असतं असं कुठे आहे?"

"नाहीच. खात्री कुणीच देणार नाही. पण मी तुम्हाला रोज बसवून ठेवायचो ते खात्रीसाठी होतं का? शक्यता होती ताई. तेवढी मी द्यायला पाहिजे होती." मग म्हणाले, "आणि आता हे कुणाला सांगू? सांगितलं तर त्या म्हातारीच्या मानेवर जाईल. लोक माझी समजूत काढतात, मी ऐकून घेतो."

सना दोन-तीन महिने माहेरीच होती. मी एका सुटीच्या दिवशी तिच्यासाठी साटोऱ्या घेऊन गेले. सून बघायला विहीणबाईही अलीगढहून आल्या होत्या. बुटक्या, गोऱ्या, थकलेल्या. सनाच्या पायाशी बसून त्या तिचे तळवे चोळत होत्या. सना छताकडे बघत पडली होती. मी आत गेल्यावर ती उठून बसली, आणि मला वाटतं, परकं माणूस समोर आहे याचाच तिने आधार घेतला असावा. कारण तिने एकदम विचारलं, "अब्बा, सच बताइए. मैंने बेल्ट लगाई होती, तो बच्चा बच जाता?"

भाभी स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. विहीणबाईंचा हात तळव्यावरच थांबला. त्यांनी मान वर केली नाही.

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. सनाशी ते एरवी मराठीत बोलत, पण तेव्हा हिंदीत बोलले, विहीणबाईंना नीट कळावं म्हणून. "नहीं बेटा. कोई फ़र्क़ नहीं पड़ता."

विहीणबाई सुनेच्या पायांवर डोकं ठेवून हमसून रडायला लागल्या. सना त्यांच्या केसांवरून हात फिरवत राहिली. सर उठून गॅलरीत गेले. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी साध्या कामातसुद्धा फिरवाफिरव करताना पाहिलं नव्हतं. मला ते खोटं त्या दिवशी फार मोठं, फार चांगलं वाटलं.

दोन वर्षांनी सनाला पुन्हा दिवस गेले. यावेळी ती लवकरच माहेरी आली. तिला तपासणीला न्यायचं होतं त्या सकाळी सरांनी मला मेट्रो स्टेशनपर्यंत सोडायचं ठरलं होतं. मी पुढे बसले, भाभी आणि सना मागे. भाभींनी पट्टा लावला. सनाने नाही.

"सना," सर म्हणाले.

"नको अब्बा. दम घुटतो. आणि तुम्हीच बोलला होता ना, काही फरक पडत नाही. मी तर तेव्हापासून लावतच नाही."

सरांचा हात किल्लीवर होता. तो त्यांनी काढून घेतला. मला उतरून जावंसं वाटलं. मग ते मागे वळले.

"फरक पडतो," ते म्हणाले. "मी खोटं बोललो होतो बेटा."

"मतलब?"

"वाचलंच असतं असं नाही सांगत. पण वाचू शकलं असतं. पट्टा कसा लावायचा हे मला त्या दिवशीही माहीत होतं. मी बोललो नाही."

सनाचा आवाज चढला नाही. "अलीगढच्या अम्मींच्या समोर मी विचारलं, तेव्हाही तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग खोटं का बोललात? त्यांच्यासाठी?"

"त्यांच्यासाठी. तुझ्यासाठी."

"आणि स्वतःसाठी नाही?"

सरांनी तिच्या खांद्यामागे लोंबणाऱ्या पट्ट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझ्यासाठीही."

सना दार उघडून उतरली आणि घरात निघून गेली. भाभी तिच्यामागे धावल्या. जाताना त्यांनी सरांकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता की आणखी काही, मला सांगता येणार नाही. सर वळलेले होते तसेच, रिकाम्या मागच्या सीटकडे बघत बसले. मी म्हटलं, "सर, आजच सांगायला हवं होतं का?" ते म्हणाले, "उद्या सांगितलं असतं, तर आज ती तशीच बसली असती."

काही वेळाने सना परत आली. तोंड धुतलेलं होतं, डोळे लाल होते. ती मागे बसली, पट्टा ओढला आणि हातात धरून राहिली. "कसा लावायचा?" तिने खिडकीबाहेर बघत विचारलं.

सर उतरले, तिच्या बाजूचं दार उघडून उभे राहिले, पण तिला हात लावला नाही. "पोटाच्या खालून घे. अजून खाली. हाडावर येऊ दे. आता वरचा मधून काढ. हां. सैल नको ठेवू." त्यांचा आवाज एखाद्या अनोळखी प्रवाशाला सांगावं इतका मऊ आणि परका झाला होता. ती सांगितल्याप्रमाणे करत गेली. एकदाही तिने वर पाहिलं नाही.

मुलगी झाली, सुखरूप. बारसं अलीगढला झालं, विहीणबाईंनी मला आग्रहाने बोलावलं. सनाने त्यांना काही सांगितलं नव्हतं. ते ओझं आता तिने घेतलं होतं. म्हाताऱ्या बाई नातीला मांडीवर घेऊन हसत होत्या, आणि सना त्यांच्याशी हसून बोलत होती. वडिलांशी मात्र चहा घ्या, जेवायला चला, एवढंच. सर एका कोपऱ्यात खुर्चीवर बसून होते. येताना मी विचारलं, "अजून बोलत नाही का?"

"बोलत नाही. पण गाडीत बसली की पट्टा लावते. पोरीलाही तिच्या सीटवर बांधते." रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "चालतंय की."

निवृत्तीनंतर सर आणि भाभी मिरजेला गेले. मधूनमधून फोन येई. सनाचा येतो का, असं मी विचारलं की म्हणत, "तुमच्या भाभीला येतो. शेवटी मलाही विचारते, तब्येत कशी आहे." आवाजात तक्रार नसे. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. अलीगढहून सना पोहोचेपर्यंत दफन होऊन गेलं होतं.

मी तिला फोन केला. बाकीचे म्हणाले असतील तेच मीही म्हटलं, की त्यांना त्रास झाला नाही, झोपेत गेले. ती ऐकत होती. मागे तिच्या मुलीचा आवाज येत होता.

"मावशी," ती म्हणाली, "मला ना त्यांच्याशी अजून खूप भांडायचं होतं. पूर्ण झालंच नव्हतं आमचं."