गोळीच्या जागी अंगारा

"आज्जी, अजून निघत न्हाय गं," म्हणत नात मोरीत तारेच्या घासणीनं हात घासत होती आणि बादलीतलं पाणी लाल झालं होतं. बारा वर्षांची पोर. सारखे हात धुवायच्या या आजारावर राजारामपुरीतल्या मनाच्या डॉक्टरांनी तिला गोळ्या दिल्या होत्या. सून सकाळच्या पाळीला कागलच्या कारखान्यात जायची, म्हणून गोळी दुधाबरोबर द्यायचं काम माझ्याकडं होतं. माझ्या लेकाला ते पसंत नव्हतं. "वेड्याच्या गोळ्या खाती म्हटल्यावर उद्या हिला कोण करून घेणार? आई, तूच काय ते बघ की," तो म्हणाला. मी बघितलं. रोज गोळी गोठ्याच्या गटारात टाकली आणि दुधात अंगारा कालवून दिला, दोन महिने. मोरीतलं पाणी लाल झालं त्या दिवशी सून कामावरून आली, पोरीचे हात टॉवेलात गुंडाळले आणि आम्ही तिघी रिक्षानं दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "या गोळीनं फरक नाही. आता जास्त ताकदीची देऊ." तेव्हा मला बोलावंच लागलं. "तिच्या पोटात एकबी गोळी गेली न्हाय. मी दिलीच न्हाय." सून माझ्याकडं न बघता म्हणाली, "आत्याबाई, राग माझ्यावर हुता तर माझ्या ताटात काय तरी घालायचं." आता नात कॉलेजला जाते, गोळी आपली आपण घेते. मी लेकाला दोष देते, लेक मला देतो. ते दोन महिने काढले ते त्या पोरीनं.