परातीतला समुद्र

मुलांनो, तुम्ही तिकडे परदेशात डब्यातला टूना खाता. कोकणात त्याला कुपा म्हणतात. बसवकल्याणच्या आमच्या शाकाहारी घरात त्याचं नाव निघायचं कारण नव्हतं, पण माझा थोरला भाऊ, अण्णा, तोच मासा धरायच्या कामावर होता.

निजामाच्या काळात अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अण्णाला उर्दूतून शिकवलं. कचेरीत चिकटेल, हा हिशेब. मी मुलगी, माझ्या शिक्षणावर काही अवलंबून नव्हतं, म्हणून मला इंग्रजी शाळेत घातलं. राज्य गेलं, कागद इंग्रजीत निघू लागले आणि अण्णाला कुणी विचारेना. शेवटी तो मुंबईला जाऊन मासेमारीच्या एका लाँचवर लागला. आई शेजाऱ्यांना फक्त ‘जहाजावर आहे’ म्हणायची.

पहिल्या रजेवर आला तेव्हा दोरीने कापलेली त्याची दोन बोटं सरळ होत नव्हती. एवढ्या समुद्रात मासा शोधता कुठं, असं अप्पांनी विचारलं. अण्णाने परातीत वरवंटा ठेवला आणि तो बुडेल एवढं पाणी ओतलं. पाण्याखाली असे खडक असतात, म्हणाला, वरून दिसत नाहीत. मूठभर कोंडा टाकून त्याने पाणी एका अंगाने लोटलं. कोंडा वरवंट्याच्या आडोशाला जमला. तसे तिथं बारीक मासे जमतात, त्यांच्यामागे कुपा येतो, म्हणून लाँचही खडकाला धरूनच ठेवावी लागते. लाट खाली बसली की खडक उघडा पडतो. शेजारची लाँच त्यावर आदळताना त्याने पाहिली होती. त्यातली दोनच माणसं जिवंत हाती लागली.

अप्पा रंगून गेले होते. पाण्याला ओढ किती, खडक केवढा, विचारतच राहिले. आई म्हणाली, “त्या परातीत आता कणीक मळणार न्हाई मी.” अप्पा हसले. अण्णा परातीकडे बघत म्हणाला, “अप्पा, मला परत जायचं न्हाई.”

अप्पांची स्वतःची कचेरीतली नोकरीही डळमळीत झाली होती. या वयात ते माझ्याकडून इंग्रजी गिरवत.

“इथं राहून काय करशील?”

“काहीबी. हमाली करतो.”

“भाऊ हमाली करायलाय म्हणल्यावर हिला कोण करून घेईल? जहाजावर म्हणलं की माणसं इज्जतीनं बघायलेत.”

मी म्हणाले, मला लग्न नको, मी शाळेत शिकवीन. अप्पा अण्णाकडेच बघत राहिले.

“बरं,” अण्णा त्यांना म्हणाला, आणि परात उचलून पाणी ओतून आला.

रजा संपायच्या आतच तो सोलापूरच्या बसने गेला. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. त्यानंतर तो दर रजेला यायचा, जेवायचा, झोपून राहायचा. अप्पा कौतुकाने समुद्राचं विचारायचे.

“चाललंय, अप्पा,” एवढंच तो म्हणायचा.