मावशी, पिरुएट!

“मावशी, पिरुएट!” डान्सचे सर माईकवर ओरडले.

मी स्टेजच्या मधोमध उभी. समोर शाळेचा भरलेला हॉल. मी विचारलं, “ते काय असतं, सर?” माझा आवाज माईकमध्ये गेला आणि हॉल हसला. सरांनी चवड्यावर उभं राहून झर्रकन गिरकी घेतली. “हे असं. आता तुम्ही.”

मी केलं. एक पाय उचलला, हात वर घेतले, फिरले. अंगावर शाळेने दिलेली निळी गोल साडी. लुगड्यात पाय मोकळे असतात, गोल साडीत बांधलेले. अर्धी गिरकी झाली आणि मी गुडघ्यांवर आदळले. पिन तुटली, पदर खाली आला. काखेत ठिगळ लावलेलं ब्लाऊज सगळ्यांसमोर. मी पदर शोधत होते आणि सर म्हणाले, “याला म्हणतात देशी पिरुएट!”

टाळ्या. शिट्ट्या. पदर सावरून मी वर पाहिलं. धावण्याच्या टीमच्या मुली पिवळ्या शर्टात पुढेच बसल्या होत्या. त्यांत माझी नात, वैशाली. ती टाळ्या वाजवत होती. हसत होती. शेजारच्या मुलींपेक्षा मोठ्याने.

मी त्या शाळेत मावशी होते. इंग्रजी शाळा, नाशिकरोडहून देवळाली कॅम्पकडे जाताना. वर्ग झाडायचे, संडास धुवायचे, लहान पोरं ओकली की पुसायचं, घंटा द्यायची. शिक्षण चौथी. नवरा गेलेला. लेक पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये राबायची, तिची पोर माझ्याकडे. मी कामाला होते म्हणून शाळेने पोरीला बिनफीचं घेतलं. आमच्या आळीत ती एकटीच इंग्रजी शाळेत. माझी नोकरी गेली की तिची शाळा गेली, हे मी कधी विसरले नाही.

गॅदरिंगला शेवटी शेलापागोटे असत. एकेकाच्या नावाने चिठ्ठी वाचायची, टोमणा मारायचा, आणि ज्याला मारला त्यानेही हसायचं. न हसला तो रडका. मोठ्या लोकांवरच्या चिठ्ठ्या आधी ऑफिसात वाचून घेत, कुणाला लागू नये म्हणून. माझ्यासाठी चिठ्ठी नसे. माझा वेगळा आयटम होता. ‘इंग्रजी शब्द, मराठी मावशी’. नाचाचा नाहीतर खेळाचा शब्द सर सांगणार, मी त्याचा अर्थ दाखवायचा. तोंडाने नाही. अंगाने.

सुरुवात साधी होती. एकदा रिहर्सल संपल्यावर मी स्टेज पुसत होते. सर म्हणाले, “मावशी, हॉप म्हणजे काय?” मी म्हटलं, “मला काय ठाऊक.” त्यांनी करून दाखवलं. ती तर लंगडी. लहानपणी लंगडीत मला कुणी हरवत नसे. फडकं खांद्यावर टाकलं आणि स्टेजभर लंगडी घातली. पोरं हसली, मीही हसले. मला ते लाड वाटले.

मग दरवर्षी बोलावणं. ट्विस्ट म्हणजे कंबर हलवायची. डॉज म्हणजे पोरांनी अंगावर बॉल फेकायचे आणि मी चुकवायचे. एक दातावर बसला, तरी हसले. नंतर पेढे मिळत. मोठ्या बाई पाहुण्यांना सांगत, “आमच्या मावशी फार स्पोर्टिंग आहेत.” या एका शब्दाचा अर्थ कुणी करून दाखवला नाही. तो माझा मला कळला. ते हसतील तेव्हा आपण हसायचं.

पिरुएटच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे टम्म सुजलेले. मी हळद लावत होते. वैशाली बूट घालत होती.

“काल का हसली गं?”

“सगळेच हसत होते.”

“मी पडले होते.”

ती नाडी बांधत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, “नसते हसले तर पोरींनी माझ्याकडं बघितलं असतं. त्यांना नाय माहीत.”

“काय नाय माहीत?”

“तू माझी आजी हाय ते.”

आम्ही घरून बरोबर निघायचो. शाळेचं फाटक दिसलं की ती पुढे पळायची. मला वाटे, धावणारी पोर, तिला आपली चाल कशी जमेल. शेजारणीला हे कौतुकाने सांगायची मी. शाळेत ती मला सगळ्यांसारखी मावशी म्हणायची, ती मला शिस्त वाटायची. त्या दिवशी लंगडत तिच्या मागून चालताना सगळं कळलं.

तिला मारलं नाही. काय म्हणून मारायचं? कुणाला हसायचं ते ती शाळेत शिकली होती. आणि ते शिकवायला स्टेजवर मीच उभी राहत होते.

पुढच्या वर्षी गॅदरिंग आलं. सर व्हरांड्यात भेटले. “मावशी, यंदा सोमरसॉल्ट! कोलांटउडी! गादी टाकू खाली, घाबरू नका.”

“मी नाही येणार, सर.”

त्यांना गंमत वाटली. दुपारी मोठ्या बाईंनी बोलावलं.

“एवढं काय मनाला लावून घेता? मुलांचं प्रेम आहे तुमच्यावर.”

“मग तुम्ही मारा कोलांटउडी. तुमच्यावर पण हाय की प्रेम.”

बाईंनी हातातलं पेन ठेवलं. मग हळू म्हणाल्या, “वैशाली आपल्याच शाळेत आहे ना, मावशी?”

एवढंच. त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.

गॅदरिंगच्या दिवशी मी हॉलच्या दाराशी बादली घेऊन उभी होते. सरांनी तरी पुकारलंच. “आता येत आहेत, आपल्या लाडक्या...” पोरं टाळ्यांच्या ठेक्यावर ओरडायला लागली. मावशी! मावशी! स्टेजवर गादी अंथरलेली. मी बादली ठेवली आणि वर गेले. सरांनी माईक पुढे केला.

मी म्हणाले, “मी इथं झाडते, संडास धुते. त्याचा पगार घेते. उड्या मारायचा घेत नाही. तुमची पोरं मला हसतात आणि त्यांच्यात बसून माझी नात पण हसते. ती बघा, पिवळ्या शर्टातली, वैशाली. तिच्या आजीला आता कुणी हसायचं नाही.”

माईक कधी बंद केला मला कळलं नाही. शेवटचं बोलणं पुढच्या रांगांनाच ऐकू गेलं असेल. सरांनी लगेच गाणं लावलं. पाहुणे घड्याळ बघत होते. कुणाला लाज वाटली असं मला दिसलं नाही. वैशालीच्या रांगेतल्या मुली मात्र सगळ्या वळून तिच्याकडे बघत होत्या. तिने मान गुडघ्यांत घातली होती.

मी तिला आधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर नको म्हणाली असती.

जूनमध्ये मला कामावर घेतलं नाही. वैशालीचं नाव काढून म्युनिसिपालिटीच्या शाळेत घातलं. तिथे धावण्याची टीम नव्हती. पळायला मैदानही नव्हतं. दहावीनंतर ती आईबरोबर पॅकहाऊसला लागली. आता लग्न झालंय, तरी सीझनला जाते, द्राक्षाचे घड साफ करते. महिन्या-दोन महिन्यांनी भेटायला येते, चहा करते, जाते. त्या दिवसाबद्दल ती बोलत नाही, मीही काढत नाही. तिने मला माफ केलं का, ते ठाऊक नाही. माफी मी मागितलेलीही नाही.

लेक मात्र तोंडावर सुनावते. “एक कोलांटी मारली असती तर काय बिघडलं असतं, आई? पोर शिकली असती.”

खरं आहे. शिकली असती. मोठी झाली असती, आणि कुठल्यातरी हॉलमध्ये पुढे बसून दुसऱ्या कुणाच्या आजीला हसली असती. मी थकले आहे, गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. तरी उद्या कुणी तीच गादी अंथरली, तोच माईक पुढे केला आणि समोर वैशालीची पोर बसवली, तरी मी नाहीच म्हणेन. आणि तिच्याकडे बोट दाखवून म्हणेन.

त्या शाळेत माझं नाव फार कुणाला माहीत नव्हतं. मावशी म्हणत. ती मावशी मी.