उणे चाळीसच्या खाली

तुओवी निस्कालाला एका जागी बसवत नसे. औलू शहरातल्या कारखान्यात तिची तीस वर्षं चिप तपासण्यात गेली होती. गारठवायच्या कपाटात चिप ठेवायच्या, पारा उतरवत न्यायचा आणि आकडे बघायचे. ही नवी चिप तर तांदळाच्या दाण्याएवढी. दाब मोजून त्याचा आकडा करायची आणि एका छोट्या सेलवर पाच वर्षं चालायची. मर्यादा ठरलेली : खाली उणे चाळीस अंश, वर पंच्याऐंशी.

जेवणाच्या सुट्टीत तिने पारा उणे चव्वेचाळीसवर नेला. वीसपैकी तीन चिप अडकल्या. चूक दाखवून बंद पडल्या असत्या तरी चाललं असतं. त्या जुनाच आकडा दाखवत राहिल्या.

"कागदावर चाळीस आहे ना? मग चाळीसला थांबायचं," साहेब यार्को म्हणाला. "पुढचं तुला कुणी सांगितलं होतं?"

"थंडीला कागद वाचता येतो का?"

"तुओवी, जा, कॉफी पी."

कॉफी तिने ओतून घेतली, पण प्यायली नाही. खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. उत्तरेकडे त्या दिवशी उणे त्रेचाळीस होतं. तिचा चुलतभाऊ विल्हो तिकडे एका वृद्धाश्रमाची देखभाल बघायचा, आणि आश्रमाला ऊब देणाऱ्या गरम पाण्याच्या नळावर हीच चिप होती. चिपची डबी बाहेर खांबावर, उघड्यावर. तिने फोन लावला.

"दाब किती दाखवतोय?"

"साडेचार. झकास आहे. तुला आज काय झालंय?"

"सकाळी किती होता?"

"साडेचार."

"आणि काल संध्याकाळी?"

विल्होने नोंदवहीचं मागचं पान उलटलं. "साडेचारच की."

"अरे, इतका वेळ दाब जागचा हलत नाही असं कधी होतं का? बाहेर जा. नळावरचं जुनं काट्याचं मीटर बघ."

"बाहेर त्रेचाळीस आहे, बाई!"

"म्हणूनच जा!"

फोन चालूच होता. दार आपटल्याचा, मग बुटांखाली बर्फ करकरल्याचा आवाज आला. तुओवी टेबलाभोवती फेऱ्या घालत होती. मग विल्होचा धापा टाकणारा आवाज आला, "दीड! तुओवी, काटा दीडवर आहे!"

बर्फाखाली नळ फुटला होता. खोल्या अजून पुरत्या गारठल्या नव्हत्या. दिवस मावळायच्या आत एकोणीस म्हाताऱ्यांना घोंगड्यांत गुंडाळून शाळेत नेलं. त्यांतल्या एका आजीबाईंना हिवताप भरल्यासारखी थंडी वाजत होती, पण गरम सूप पोटात गेल्यावर त्याही सावरल्या. नळ दोन दिवसांत सांधला.

यार्कोने माफी मागितली नाही. पण सोमवारी तो स्वतः येऊन कपाटासमोर उभा राहिला. म्हणाला, "उघड्यावरच्या सगळ्या डब्या परत मागवतोय. कुठवर नेऊन बघायचं?"

"पन्नास," तुओवी म्हणाली. पारा उतरायला तास लागणार होता. तेवढा वेळही तिला बसवलं नाही.